मधला माणूस

काठेवाडातल्या एका खेड्यात एक अस्पृश्य शाळामास्तर होता. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार झाला, पण अटी घालून. वस्तीत पाय ठेवणार नाही, बाईला वस्तीबाहेर आणा. फीचे दोन रुपये ठरले. ओली बाळंतीण बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं तो नवऱ्याच्या हातात दिला, नवऱ्यानं बायकोला. त्याच वाटेनं तो परत गेला. डॉक्टरनं लांबूनच सांगितलं, न्यूमोनिया आहे. बाई मेली. मास्तरनं हे सगळं पत्रात लिहिलं. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त ते पत्र छापून आलं आणि बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ते नोंदवून ठेवलं.

दोस्तहो, ही गोष्ट आपण सभेत सांगतो. डॉक्टरला शिव्या घालतो. टाळ्या पडतात. पण माझी नजर प्रत्येक वेळी त्या मधल्या माणसावर अडकते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण तो तिथं नसता तर डॉक्टरपुढं दोनच रस्ते होते : बाईला शिवायचं, नाहीतर तोंडावर नाही म्हणायचं. मधल्या माणसामुळं तिसरा रस्ता सापडला. उपचार केला असंही म्हणता आलं आणि शिवावंही लागलं नाही. फी खिशात, हात कोरडे.

आजची आरोग्यव्यवस्था या तिसऱ्या रस्त्यानं चाललीय, असं माझं म्हणणं आहे. आणि हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. मी सिव्हिलमध्ये ब्रदर आहे.

ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. इस्पितळात सगळी नाती असतात. सिस्टर असते, ब्रदर असतो. झाडलोट करणारी, बेडपॅन उचलणारी ती मावशी. स्ट्रेचर ढकलणारा, मढं शवागारात पोचवणारा तो मामा. डॉक्टर तेवढा कुणाचाच कुणी नसतो. तो सर, नाहीतर मॅडम. बाहेरच्या माणसाला वाटतं, किती आपुलकी आहे! पण बघा, मावशी आणि मामा कोणत्या वस्तीतून येतात. महाराच्या, मांगाच्या, भंग्याच्या, मेहतराच्या. ज्यांच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, त्यांनाच नात्यानं हाक मारायची. नातं तोंडापुरतं, काम मात्र तेच.

माझी माय अशीच सगळ्यांची मावशी होती. चोवीस वर्षं तिनं सिव्हिलचे संडास धुतले, बाळंतिणींच्या खोलीतलं रक्त पुसलं. चहा प्यायला तिला जागा नव्हती. बेडपॅन धुवायच्या खोलीत, मोरीच्या कडेला बसून प्यायची. हे वाईटच. पण एक गोष्ट होती तिच्याजवळ : ती कायम होती. सरकारी मस्टरवर तिचं नाव होतं. रजा होती, आजारपणाचा पगार होता, निवृत्त झाल्यावर पेन्शन होती. पतपेढीतून तिनं कर्ज काढलं आणि माझी नर्सिंगची फी भरली. ते कर्ज पतपेढीनं कुणाचं तोंड बघून दिलं नाही, पगारपत्रक बघून दिलं. आमच्या घरातला अंधार एका पगारपत्रकानं फिटला, हे मी उघड सांगतो.

माय निवृत्त व्हायच्या वेळी ऑफिसातल्या बाबूनं सांगितलं, लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत, सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. पोराचा अर्ज टाका. माय म्हणाली, “साहेब, घर-जमिनीला वारस असतोय. माझ्या झाडूला नको.”

मला त्या उत्तराचा अभिमान आहे. पण पुढं काय झालं तेही ऐका. मायची जागा रिकामी झाली ती रिकामीच राहिली. सरकारनं ती भरली नाही. झाडू मात्र थांबला नाही. साफसफाईचं कंत्राट निघालं. आणि त्या कंत्राटात, त्याच वॉर्डात, त्याच बेसिनपाशी कोण आलं? माझी सख्खी मावसबहीण. म्हणजे झाडूला वारस मिळालाच. फक्त पगारपत्रक गेलं, रजा गेली, पेन्शन गेली. वारशातलं जे घ्यायचं नव्हतं तेवढंच उरलं.

बदली होऊन मी त्याच सिव्हिलला आलो, तेव्हा ती तिथं होतीच. टेंडर बदललं की कंत्राटदार बदलतो. बाया त्याच. पण नोकरी शून्यापासून मोजायची. बारा वर्षं फरशी पुसणारी बाई कागदावर आठ महिन्यांची नवी कामगार असते. पगार दोन-दोन, तीन-तीन महिने थकतो. ईएसआयचे पैसे कापले जातात, कार्ड हातात येत नाही. ईएसआय कुठून आलं हे तुम्हाला सांगायला नको. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल तयार झाला आणि १९४८ साली कायदा आला. त्या कायद्याचं कार्ड बाबासाहेबांच्याच लेकीला दवाखान्यात काम करून मिळत नाही.

एका संध्याकाळी ती माझ्या वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. पदरात बोट गुंडाळलेलं.

“दादा, सुई टोचली.”

“कधी?”

“सकाळच्याला.”

“आन् आत्ता सांगतीस?”

“सुपरवायझर म्हणला, मधीच गेलीस तर खाडा लागंल.”

काळ्या पिशवीत साधा कचरा असतो. कागद, फळांच्या साली. त्यात कुणीतरी वापरलेली सुई टाकली होती. सुई जागच्या जागी तोडून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची असते. रक्तानं भरलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत. हे भिंतीवर रंगीत चित्र काढून लावलंय. पण रात्री साठ रुग्णांमागं एक नर्स असेल आणि शिकाऊ डॉक्टर छत्तीस तास जागा असेल, तर हातातली सुई जवळच्या पिशवीत जाते. पिशवीचं तोंड बांधायला येणारा हात कुणाचा असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

सुई कोणत्या रुग्णाची ते कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या होईल तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. मी तिला घेऊन धावलो, गोळ्या सुरू झाल्या. ओळख होती म्हणून झाल्या. मग मी विचारलं, काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस हिला दिलीय का? तीन डोस असतात. मला नोकरीला लागलो तेव्हाच मिळाले होते. तिला एकही नाही.

ऑफिसात गेलो. उत्तर मिळालं, “ती आमची कर्मचारी नाही, कंत्राटदाराला विचारा.” कंत्राटदाराच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, “आम्ही माणसं पुरवतो. लस दवाखान्याचं काम.” मी दोन्हीकडं तीन-तीन हेलपाटे मारले. वॉर्डात सगळ्यांची मावशी, कागदावर कुणाचीच कुणी नाही.

आता कायदा काय म्हणतो? २०१६ सालचे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना, स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आणि इतरांनाही, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी त्यांनी दवाखान्यावरच टाकलीय. ‘आमची नाही’ म्हणायला त्यात जागाच ठेवलेली नाही. तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा लस मिळाली. तिलाच नव्हे, सतरा जणींना मिळाली. तिच्या तपासण्या सहा महिने चालल्या, सगळ्या निर्दोष आल्या. पण ते सहा महिने ती घरात वेगळी झोपली, लेकराच्या ताटात जेवली नाही. त्याचा खाडा कुणाच्या मस्टरवर लावायचा?

हा झाला आपला मधला माणूस, नंबर एक. सरकारला झाडणारे हात पाहिजेत, पण त्या हातांना शिवायचं नाही. मधे कंत्राटदार उभा केला की झालं. थर्मामीटर इकडून तिकडं जातो.

आता रुग्णाकडून बघा. तिथंही मधला माणूस उभा आहे, फक्त त्याच्या हातात कार्ड आहे. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राज्य सरकारची विमा योजना सुरू झाली, पुढं सगळ्या राज्यात गेली. आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे आणि कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. केंद्राची आयुष्मान योजना २०१८ सालची. या कार्डावर आपल्या वस्तीतल्या माणसांची हृदयाची ऑपरेशनं झाली, मूतखडे निघाले, कॅन्सरची औषधं मिळाली. हे नाकारणारा खोटारडा. पण कार्ड कधी चालतं? माणूस भरती झाला तर, आणि त्याचा आजार यादीत बसला तर. रोजची साखर, रक्तदाब, लेकराचा ताप, बाईचं पांढरं जाणं... यासाठी ओपीडीत जावं लागतं आणि तिथं हे कार्ड मुकं होतं. म्हणजे पाय सडला की कापायला पैसे आहेत. सडू नये म्हणून द्यायच्या गोळीला नाहीत.

हिशेब सरकारचाच आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात असं दिसतं की देशात आरोग्यावर शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले ३९ रुपये माणसानं थेट खिशातून काढले. २०१४-१५ साली ते ६२ होते. घट झाली, चांगलं झालं. पण राजाच्या खिशातले ३९ आणि बिगारी माणसाच्या खिशातले ३९ सारखे नसतात. बिगाऱ्याचे ३९ म्हणजे सावकाराची चिठ्ठी. सरकारनं २०१७ च्या आरोग्य धोरणात सांगितलं होतं, २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू. २०२१-२२ ला तो १.८४ टक्के होता. २०२५ साल तर येऊन गेलंसुद्धा.

आणि औषधं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. केसपेपरचेही पैसे नाहीत. मोठी गोष्ट आहे. वैद्यकीय कॉलेजांची इस्पितळं मात्र दुसऱ्या खात्याची, ती त्या निर्णयात नव्हती. पण फुकट असून खिडकीवर औषधच नसेल तर? बाहेरची चिठ्ठी लिहून दिली जाते. समोरच्या मेडिकलवाल्याला ही चिठ्ठी ओळखीची असते. राज्याची औषधखरेदी २०१७ साली हाफकिनकडं दिली, ते जमलं नाही म्हणून २०२३ साली वेगळं प्राधिकरण काढलं. तामिळनाडूनं १९९४ मध्येच खरेदीसाठी सरकारी महामंडळ काढलं आणि गोदामापासून खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत साठ्याचा हिशेब ठेवला. म्हणजे हे होऊ शकतं. त्यासाठी नवीन शोध लागत नाही, खिडकीवरच्या माणसाची किंमत वाटावी लागते.

मधल्या माणसाची खरी गंमत कळते ती काही पेटल्यावर. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. पुढं गुन्हा नोंदवला गेला तो दोन नर्सवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला त्या वेळच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, सिव्हिलमध्ये अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण गेले. अटक झाली एका डॉक्टर बाईला आणि तीन नर्सना. कोण दोषी ते कोर्ट ठरवील. मी एवढंच विचारतो की वायरिंग कुणी केलं, आग विझवायची यंत्रणा का नव्हती, फाईल कुणाच्या टेबलावर झोपली होती, या प्रश्नांना बेड्या का पडत नाहीत? हात तेवढे दिसतात, डोकी मधल्या माणसांच्या मागं लपतात.

आणि नांदेड. ऑक्टोबर २०२३. सरकारी वैद्यकीय कॉलेजच्या इस्पितळात चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यातली बारा नवजात बाळं. सगळा देश हादरला. मग एक खासदार आले, संडास घाण बघितला आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्याच हातात झाडू दिला. कॅमेऱ्यापुढं संडास धुवायला लावला. अधिष्ठाता आदिवासी समाजातले. पुढं खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटीखाली गुन्हा दाखल झाला. मला त्या दिवशी मायची आठवण झाली. माणूस एमबीबीएस झाला, एमडी झाला, अधिष्ठाता झाला... आणि राग आला की या देशाला त्याच्या हातात काय द्यावंसं वाटतं? झाडू. त्या गोंधळात खरा प्रश्न मागं पडला : त्या इस्पितळात सफाई कामगारांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, नर्स किती, औषधं का संपली?

आता थोडं आपल्याबद्दल. आपण मोर्चे काढतो. इस्पितळाला बाबासाहेबांचं नाव द्या, रमाईचं द्या. काढायलाच पाहिजेत. नावासाठी आपल्या माणसांनी नामांतरात रक्त सांडलंय, मला ते शिकवायची गरज नाही. पण पाटी लागली, हार घातला, आणि पाटीखाली फरशी पुसणारी आपलीच बहीण कंत्राटी आहे, हे आपण बघत नाही. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारनं निर्णय काढला होता, सरकारी कामाला माणसं खाजगी एजन्सीमार्फत घ्यायची. राज्यभर पोरं खवळली. कंत्राटात आरक्षण नसतं, हे सगळ्यांना एका रात्रीत कळलं. पुढच्याच महिन्यात सरकारला तो मागं घ्यावा लागला. आपण जिंकलो. पण झाडूचं कंत्राट त्याच्या किती तरी आधीपासून चालू होतं आणि त्यानंतरही चालू राहिलं. तिथं कुणी खवळलं नाही. कारकुनाची जागा गेली तर आरक्षण जातं, हे आपल्याला दिसतं. झाडूच्या कंत्राटात आरक्षण न मागताच शंभर टक्के आपलंच असतं, म्हणून ते दिसत नाही.

कुणी म्हणेल, झाडूची नोकरी कायम करा म्हणणं म्हणजे जात कायम करणं. नाही दोस्तहो. जात पगारपत्रकानं घट्ट होत नाही, उपाशीपणानं घट्ट होते. मायची नोकरी कायम होती म्हणून झाडू माझ्यापर्यंत आला नाही. मावसबहिणीची कायम नाही म्हणून तिच्या लेकीनं दहावीनंतर शाळा सोडली आणि आता ती आईबरोबर त्याच दवाखान्यात येते. ही जागा कायम करा, पगार भरपूर करा, हातमोजे जाड द्या, यंत्र द्या, आणि भरती सगळ्या जातींना खुली करा. मग बघू कोणकोण रांगेत येतं.

आज आरोग्यात पहिलं काय करायचं, असं विचारलं की तज्ज्ञ मोठ्या गोष्टी सांगतात. नवं मेडिकल कॉलेज, रोबोट, मोबाईलवरचा डॉक्टर. ते येऊ द्या. पण नर्सिंग कौन्सिलचं जुनं माप आहे : साध्या इस्पितळात पाच रुग्णांमागं एक नर्स, शिकवणाऱ्या इस्पितळात तीन रुग्णांमागं एक. आधी ते करा. सपाटीवर तीस हजार लोकांमागं, आदिवासी भागात वीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच नियम आहे. त्यात डॉक्टर राहील, औषध राहील, रात्री दिवा राहील एवढं करा. घरोघर फिरणाऱ्या आशाताईला २००५ पासून ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधनावर राबवलंय. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना पुरस्कार दिला. तिला नोकर म्हणा, पगार द्या. पहिलं काम हात. यंत्र नंतर.

आणि आपण काय करायचं? भाषण नको, अर्ज करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ, तीस दिवसांत उत्तर. आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिलला एवढंच विचारा :

नर्स, सफाई कामगार, कक्षसेवक यांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कोणत्या सालापासून रिकाम्या?

सफाईचं कंत्राट कुणाकडं, माणशी पगार किती ठरलाय, पीएफ आणि ईएसआय भरल्याच्या पावत्यांच्या नकला द्या.

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी चे तीन डोस कोणत्या तारखांना दिले?

गेल्या सहा महिन्यांत कोणती औषधं किती दिवस संपलेली होती?

उत्तर आलं की ते घेऊन आधी वस्तीत जा, पत्रकार परिषदेत नंतर. ज्या मावशीनं तुमच्या आईचं बाळंतपण निस्तरलं, तिला वाचून दाखवा. तिचं नाव कुठल्या मस्टरवर आहे ते तिलाच विचारा. मग मोर्चाची तारीख ती सांगेल. उत्तरांच्या नकला या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात जिल्ह्यावार छापू.